समाधीपुढे गाण्याचा हक्क

मैत्रिणींनो, आपल्या जव्हार-मोखाड्यात भाताची कापणी आटोपली की तारपा घुमू लागतो. बाया-माणसं हातात हात घालून फेर धरतात, पण तारपा फुंकणारा असतो तो पुरुषच. ही गोष्ट काही आपल्याकडचीच नाही. दूर दक्षिणेत, तंजावरच्या मुलखात, एकेकाळी बाईने संतकवी त्यागराजांच्या समाधीपुढे नुसतं गायचं म्हटलं तरी वाट अडवली जायची. ती वाट मोकळी करणाऱ्या बाईचं नाव बेंगळूरु नागरत्नम्मा.

तंजावर म्हणजे आपलंच की! शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या घराण्याने तिथे 1855 पर्यंत राज्य केलं. सरफोजीराजांच्या काळात विलायती व्हायोलिन तिथल्या कलावंतांनी आपलंसं केलं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि गाणाऱ्याच्या गळ्यामागोमाग गज फिरवायचा, अशी ही पद्धत. मृदंगाला तर मराठी कीर्तनाचा आणि नारायणस्वामी अप्पांसारख्या तंजावरच्या मराठी मृदंगियांचा हातभार लागला. मध्ये गाणारा, एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंग, अशी मैफल पुढे रूढ झाली. पण साथीला बसणारे बहुतेक पुरुष. त्यातही काही नामवंत मृदंगवादक बाईच्या गाण्याला साथ करणं कमीपणाचं मानत.

अशा काळात नागरत्नम्मांचा जन्म झाला, 3 नोव्हेंबर 1878 रोजी, म्हैसूरजवळच्या नंजनगुडला. आई पुट्टलक्ष्मी देवदासी. वकील असलेल्या वडिलांनी मायलेकींना वाऱ्यावर सोडलं. पण आई खमकी. तिने लेकीला संस्कृत शिकवलं, गाणं आणि नाच शिकवला. मामा व्यंकटस्वामी अप्पा व्हायोलिन वाजवणारे, त्यामुळे सूर तर घरातच होता. कानडी, तेलुगू, थोडं इंग्रजीही मुलीने आत्मसात केलं. पुढे मद्रासला जाऊन त्यांनी मैफली गाजवल्या. ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. नाव झालं, पैसा आला, स्वतःचं घर झालं. देवदासीच्या पोरीने स्वतःच्या गळ्यावर मिळवलेलं वैभव होतं ते.

पण नुसतं गाऊन गप्प बसणारी ही बाई नव्हे. तंजावरच्या प्रतापसिंहराजांच्या दरबारात अठराव्या शतकात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होऊन गेली. तिचं ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य नागरत्नम्मांच्या हाती पडलं, पण काटछाट केलेलं. त्यांनी मूळ हस्तलिखित मिळवलं आणि 1910 साली पूर्ण काव्य छापून आणलं. झालं, गहजब उडाला! बाईने शृंगार लिहिला म्हणजे काय? वीरेशलिंगम यांच्यासारख्या थोर समाजसुधारकानेही त्या कवयित्रीला नावं ठेवली होती. पुरुषांनी असंच लिहिलेलं चालतं, मग लाज फक्त बाईनेच बाळगायची का, असा रोखठोक सवाल नागरत्नम्मांनी केला. सरकारने 1911 मध्ये पुस्तकावर बंदी घातली. ती उठली थेट 1947 साली.

खरी झुंज पुढेच होती. 1921 च्या सुमारास त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांनी कळवलं की तिरुवय्यारूला कावेरीकाठी असलेल्या त्यागराजांच्या समाधीची दैना झाली आहे. त्यागराज गेले 1847 साली. त्यांच्या नावाने दरवर्षी उत्सव व्हायचा, पण कलावंतांत दोन तट पडलेले, आणि समाधीकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नाही. नागरत्नम्मा तिथे गेल्या. जागा मिळवली, दागदागिने आणि साठवलेला पैसा ओतला. 7 जानेवारी 1926 रोजी समाधीवरच्या नव्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली.

आता गंमत बघा. मंदिर बांधलं बाईने, पण उत्सवात बाईने गायचं नाही! दोन तट एकमेकांशी भांडत असले तरी बायकांना दूर ठेवण्यात मात्र दोघांचं एकमत. आपल्यापैकी कुणीही संतापून निघून गेली असती. नागरत्नम्मा गेल्या नाहीत. पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, त्यांनी गाणाऱ्या बायका गोळा केल्या आणि मंदिराच्या मागच्या बाजूला आपला वेगळा उत्सव सुरू केला. लोक त्याला बायकांचा तट म्हणू लागले. पुढे पुरुष गात, मागे बायका. हे वर्षानुवर्षं चाललं. अखेर 1940-41 च्या सुमारास सगळे तट एक झाले आणि बायकांना समाधीपुढे गाण्याचा मान मिळाला. तेव्हा नागरत्नम्मांनी साठी ओलांडली होती.

शेवटची वर्षं त्या तिरुवय्यारूलाच राहिल्या. मिळकत त्यांनी विश्वस्त संस्थेच्या नावे केली, पण एक अट घालून. इथे गाण्याचा बायकांचा हक्क कधीही काढून घ्यायचा नाही. किती धोरणी बाई! मिळालेला हक्क उद्या कुणी हिरावेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 19 मे 1952 रोजी त्या गेल्या. त्यागराजांच्या समाधीसमोरच त्यांचं स्मारक आहे.

आजही दर पौष वद्य पंचमीला तिथे शेकडो कलावंत मांडी घालून बसतात. कितीतरी व्हायोलिनं आणि मृदंग एकाच वेळी सुरू होतात आणि त्यागराजांच्या पाच रत्नकृती सगळे मिळून गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री, हे त्यांचे पाच राग. कधी रेडिओवर किंवा टीव्हीवर हा सोहळा लागला, तर हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा. शब्द कळले नाहीत तरी चालेल. त्या गर्दीतून उठणारे बायकांचे आवाज तेवढे कान देऊन ऐका. ते तिथवर पोचावेत म्हणून एका बाईने आपलं सारं वैभव पणाला लावलं होतं.