विश्लेषण : होसे मार्ती हवानाचे की मायामीचे?

हवानाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला नाव आहे होसे मार्ती यांचे. क्युबातील कम्युनिस्ट राजवटीविरोधात अमेरिकी सरकारने १९८५ मध्ये सुरू केलेल्या नभोवाणी केंद्राचे नावही रेडिओ मार्ती. हवानातील सरकार आणि त्या सरकारला विटून मायामीत स्थायिक झालेले क्युबन यांचे क्वचितच कशावर एकमत होते. पण मार्ती दोघांनाही हवे आहेत. १८९५ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी मारल्या गेलेल्या या कवी-पत्रकाराच्या आयुष्यात आणि लेखनात असे काय आहे?

सोळाव्या वर्षी अटक कशामुळे?

मार्ती यांचा जन्म २८ जानेवारी १८५३ रोजी हवानात झाला. वडील मारियानो स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे, स्पॅनिश लष्करात सार्जंट. आई लिओनोर कॅनरी बेटांवरच्या. सात बहिणींमध्ये होसे हे एकटेच भाऊ. त्या वेळी लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देश स्वतंत्र झाले होते. क्युबा आणि प्वेर्तो रिको मात्र स्पेनच्या ताब्यात होते. क्युबाची साखर जगभर जात होती आणि उसाच्या मळ्यांत आफ्रिकी गुलाम राबत होते.

घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे मार्तींच्या पुढील शिक्षणाचा भार कवी आणि शिक्षक राफाएल मारिया दे मेन्दिवे यांनी उचलला. १० ऑक्टोबर १८६८ रोजी कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस या मळेमालकाने आपल्या गुलामांना मुक्त केले आणि स्पेनविरुद्ध युद्ध पुकारले. पुढच्या वर्षी मेन्दिवे यांना अटक होऊन त्यांची स्पेनला रवानगी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्तींचा मित्र फर्मिन व्हाल्देस दोमिंगेस याच्या घराच्या झडतीत एक पत्र सापडले. स्पॅनिश फौजेत भरती झालेल्या एका वर्गमित्रावर त्यात द्रोहाचा ठपका ठेवला होता. खाली सह्या दोघांच्या होत्या. लष्करी न्यायालयात मार्तींनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. मित्राला सहा महिन्यांची, तर मार्तींना सहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

खाणीतील महिन्यांनी काय दिले?

कैदी क्रमांक ११३ म्हणून मार्ती सान लासारोच्या दगडखाणीत राबले. कमरेपासून घोट्यापर्यंत साखळदंड, वर उन्हाचा मारा. वडिलांच्या खटपटींमुळे काही महिन्यांनी शिक्षा सौम्य झाली आणि जानेवारी १८७१ मध्ये त्यांना स्पेनला हद्दपार करण्यात आले. बेडीच्या जखमांचा त्रास मात्र जन्मभर राहिला.

माद्रिदला पोहोचताच अठरा वर्षांच्या या तरुणाने क्युबातील राजकीय तुरुंगावर एक पुस्तिका छापली. तिचा केंद्रबिंदू तो स्वतः नाही. खाणीत चाबकाचे फटके खाणारा ७६ वर्षांचा वृद्ध निकोलास देल कास्तियो आणि शिक्षा भोगणारा १२ वर्षांचा लिनो फिगेरेदो ही त्यातील ठळक माणसे. पुस्तिका स्पॅनिश वाचकांसाठी होती: तुमच्या नावाने वसाहतीत काय चालते, ते पाहा, असे सांगणारी. स्पॅनिश जनतेचा द्वेष मात्र त्यात नाही. हीच भूमिका त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

भटकंतीत कोणते धडे मिळाले?

मार्तींनी स्पेनमध्ये कायदा आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षण पूर्ण केले. मग मेक्सिको, ग्वातेमाला, व्हेनेझुएला असा प्रवास झाला. मेक्सिकोत ते पत्रकार म्हणून नावारूपाला आले. पण १८७६ मध्ये जनरल पोर्फिरिओ दियास यांनी बळाच्या जोरावर सत्ता घेतली आणि मार्तींनी देश सोडला. व्हेनेझुएलातही १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गुस्मान ब्लांको यांच्या नाराजीमुळे त्यांना निघावे लागले. स्पेनपासून स्वतंत्र झालेल्या देशांत स्वदेशी लष्करशहा कसे गादीवर बसतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

मधल्या काळात, १८७८ मध्ये क्युबातील दहा वर्षांचे युद्ध तहाने संपले. मार्ती पत्नी कार्मेनसह मायदेशी परतले. मुलगा होसे फ्रान्सिस्को याचा जन्म तेथेच झाला. पण नव्या उठावाच्या जुळवाजुळवीवरून १८७९ मध्ये त्यांना दुसऱ्यांदा हद्दपार करण्यात आले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी काय पाहिले?

१८८१ ते १८९५ या काळात मार्तींचा मुक्काम प्रामुख्याने न्यूयॉर्कमध्ये होता. ब्युनोस आयर्सच्या ला नासिओन आणि अन्य दैनिकांसाठी ते अमेरिकेविषयी लिहीत. ब्रुकलिन पूल, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण, चार्ल्सटनचा भूकंप, शिकागोतील कामगार नेत्यांना झालेली फाशी असे विषय त्यांनी हाताळले. कवी वॉल्ट व्हिटमन यांची ओळख स्पॅनिश वाचकांना करून देण्यात त्यांच्या लेखाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेची उद्यमशीलता आणि विचारस्वातंत्र्य यांचे त्यांना अप्रूप होते. पैशाची सत्ता, वर्णद्वेष आणि शेजारी देशांवरचा डोळा यांची मात्र धास्ती वाटे.

ही धास्ती निराधार नव्हती. क्युबा विकत घ्यावा, ही चर्चा वॉशिंग्टनमध्ये जुनीच होती. १८८९ मध्ये फिलाडेल्फियातील एका नियतकालिकाने क्युबन लोकांना नालायक ठरवले, तेव्हा मार्तींनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात त्याला सविस्तर उत्तर दिले. १८९१ मध्ये त्यांचा नुएस्त्रा अमेरिका हा निबंध प्रसिद्ध झाला. युरोप किंवा अमेरिकेतून आयात केलेल्या साच्यांनी लॅटिन अमेरिका चालणार नाही. तेथील मूळ रहिवासी, कृष्णवर्णीय आणि शेतकरी यांना ओळखूनच राज्य करावे लागेल, हा त्याचा गाभा.

कवितेची आणि घराची किंमत काय होती?

१८८२ मध्ये आलेला इस्माएलियो हा छोटा काव्यसंग्रह मार्तींनी दूर असलेल्या मुलासाठी लिहिला. स्पॅनिश कवितेतील आधुनिक वळणाची सुरुवात अनेक अभ्यासक या संग्रहापासून मानतात. १८८९ मध्ये त्यांनी ला एदाद दे ओरो हे मुलांचे मासिक काढले. त्याचे चारच अंक निघाले आणि जवळजवळ सगळा मजकूर मार्तींचाच. बोलिव्हारपासून व्हिएतनामपर्यंतचे विषय त्यात आहेत. पुस्तकरूपात ते आजही स्पॅनिश भाषक मुले वाचतात. १८९१ च्या व्हेर्सोस सेन्सियोस या संग्रहातील ओळी पुढे ग्वांतानामेरा या लोकप्रिय चालीवर बसवल्या गेल्या आणि जगभर पोहोचल्या.

त्याच वर्षी कार्मेन मुलाला घेऊन, मार्तींना न कळवता, स्पॅनिश वकिलातीच्या मदतीने क्युबाला परतल्या. मुलाची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

जनरलांशी वाद कशावरून?

१८८४ मध्ये पहिल्या युद्धातील सेनानी मॅक्सिमो गोमेस आणि अँतोनिओ मासेओ न्यूयॉर्कला आले. नव्या मोहिमेची आखणी सुरू झाली. गोमेस चळवळ छावणीसारखी चालवत आहेत, हे मार्तींना खटकले. देश म्हणजे लष्करी तळ नव्हे, अशी भूमिका पत्राने कळवून ते बाजूला झाले. त्यामुळे पळपुटे असा शिक्काही बसला.

वादानंतर त्यांनी वेगळी वाट धरली. फ्लोरिडातील टाम्पा आणि की वेस्ट येथे हजारो क्युबन सिगार कामगार होते. या कारखान्यांत काम चालू असताना वर्तमानपत्रे, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक असे आणि त्याचा पगार कामगारच वर्गणीतून देत. राजकारण जाणणाऱ्या या श्रोत्यांसमोर मार्ती बोलले. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय क्युबन कामगारांसाठी ते रात्री विनामूल्य शिकवत. एप्रिल १८९२ मध्ये क्युबन क्रांतिकारी पक्ष स्थापन झाला. पदाधिकारी मतदानाने निवडले जात आणि निधीचा मोठा भाग सिगार कामगारांच्या मजुरीतून येई. मग मार्ती स्वतः गोमेस यांच्याकडे गेले आणि सेनापतीपद स्वीकारण्याची विनंती केली. गोमेस यांनी होकार दिला.

मृत्यू कसा झाला?

जानेवारी १८९५ मध्ये शस्त्रास्त्रांची जहाजे अमेरिकी अधिकाऱ्यांनी फ्लोरिडातील फर्नांदिना बंदरात अडकवली. अनेक वर्षांची जमवाजमव एका दिवसात गेली. तरीही २४ फेब्रुवारीला क्युबात उठाव झाला. ११ एप्रिलच्या रात्री मार्ती, गोमेस आणि चार सहकारी लहान होडीतून पूर्व किनाऱ्यावर उतरले. ५ मे रोजी ला मेहोराना येथे मासेओ यांची भेट झाली. युद्धकाळात सत्ता सेनापतींकडे असावी की नागरी सरकारकडे, हा जुना प्रश्न तेथे पुन्हा उभा राहिला. मार्तींच्या रोजनिशीतील त्यानंतरच्या दिवसाची पाने गहाळ आहेत.

१८ मे रोजी त्यांनी मेक्सिकोतील मित्र मान्युएल मेर्कादो यांना पत्र लिहायला घेतले. अमेरिकेला अँटिलिज बेटांवर पसरू न देणे, हा आपल्या साऱ्या धडपडीचा हेतू असल्याचे त्यात नमूद आहे. पत्र अपुरेच राहिले. १९ मे रोजी दोस रिओस येथे स्पॅनिश तुकडीशी गाठ पडली. मागे राहण्याचा गोमेस यांचा आदेश न मानता मार्ती एका तरुण साथीदारासह घोड्यावरून पुढे गेले आणि गोळ्या लागून कोसळले.

मग वारसा कोणाचा?

तीन वर्षांनी अमेरिका युद्धात उतरली आणि स्पेनचा पराभव झाला. १८९८ च्या पॅरिस तहाच्या टेबलावर क्युबन प्रतिनिधी नव्हते. १९०२ मध्ये क्युबा स्वतंत्र झाला, पण हस्तक्षेपाचा अधिकार अमेरिकेने प्लॅट दुरुस्तीद्वारे राखून ठेवला. १९०३ मध्ये ग्वांतानामोचा तळ भाड्याने घेतला गेला; तो आजही तिच्याकडे आहे. मार्तींची एक भीती अशी खरी ठरली. दुसरीही ठरली: माचादो आणि बातिस्ता यांच्या हुकूमशाह्या आल्या. मार्तींच्या जन्मशताब्दी वर्षात, २६ जुलै १९५३ रोजी, मोंकादा बराकींवर हल्ला करणाऱ्या फिडेल कॅस्ट्रो यांनी त्यामागची प्रेरणा म्हणून मार्तींचेच नाव घेतले.

हवानातील सरकार मेर्कादो यांना लिहिलेल्या पत्रावर बोट ठेवते. मायामीतील विरोधक गोमेस यांना लिहिलेल्या पत्रावर. १८८३ मध्ये कार्ल मार्क्स यांच्या निधनानंतर मार्तींनी लिहिलेला मजकूरही दोघांना पुरतो. दुबळ्यांची बाजू घेतल्याबद्दल त्यात मार्क्स यांचा आदर आहे. माणसाला माणसाविरुद्ध उभे करण्याबद्दल नापसंतीही आहे. दोन्ही पत्रे अस्सल आहेत. मार्तींच्या विचारात परकी सत्ता आणि घरची हुकूमशाही हे एकाच स्वातंत्र्याचे दोन शत्रू होते. वारसदारांनी त्यातला एकेक वाटून घेतला.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अ‍ॅना हायट हंटिंग्टन यांनी घडवलेला मार्तींचा अश्वारूढ पुतळा आहे. गोळी लागल्याचा क्षण त्यात पकडला आहे. पुतळा तयार होता, पण कॅस्ट्रो समर्थक आणि विरोधक यांच्यातील तणावामुळे त्याचे अनावरण १९६५ पर्यंत रखडले. २०१८ मध्ये, मार्तींच्या जयंतीला, त्याच पुतळ्याची प्रतिकृती हवानात उभी राहिली.