चांदवडच्या शाळेतल्या अनुताई

मुलांनो, मनमाडहून चांदवडला जाणारी एस.टी. तुम्ही नेहमी बघता. कुणाची आत्या तिथं, कुणाचा मामा तिथं. त्याच चांदवडला १९२९ साली एकोणीस वर्षांची एक शिक्षिका शाळेवर रुजू झाली. त्यांचे नाव अनुताई वाघ. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. पण त्या चार वर्षे आपल्या शेजारी शिकवून गेल्या, हे आपल्याकडच्या पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नाही. म्हणून या वेळी भिंतीवर त्यांचे चरित्र लावले आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच नवरा वारला. तेरा म्हणजे केवढे वय? आपल्या सातवीतल्या मुलींएवढे. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय होई, ते आजीला विचारा, ती सांगेल. बहुतेकींचा जन्म चुलीपाशी जाई. अनुताई मात्र शिकल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षिका होऊन बाहेर पडल्या आणि चांदवडला आल्या. १९३३ साली पुण्याच्या हुजूरपागा शाळेत गेल्या. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या.

नोकरी पक्की, शहरात राहणे, पगार वेळेवर. दुसरे कुणी तिथेच थांबले असते.

१९४५ साली बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर होते. तिथे त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाई म्हणजे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालमंदिराचे काम केलेल्या बाई. त्यांना शहरातली बालशाळा खेड्यात न्यायची होती. अनुताईंनी पुणे सोडले आणि त्या त्यांच्यासंगं बोर्डीला गेल्या. तेव्हा वय पस्तीस.

आता खरी गंमत पुढं आहे. इटलीच्या मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी लहान मुलांसाठी साधने तयार केली होती. लाकडाचे दट्टे, ठोकळ्यांचा मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे. दट्ट्यांची पेटी अशी असते, की प्रत्येक दट्ट्याला त्याच्याच मापाचे भोक. एक चुकला की शेवटी एक बसतच नाही. मुलाला चूक आपोआप कळते, बाईंना ओरडावे लागत नाही. साधने उत्तमच. पण किंमत? पॉलिश केलेल्या लाकडाचा तो संच बोर्डीच्या गरीब वस्तीला परवडणार कसा!

मग ताराबाई आणि अनुताई भोवतालच्या वस्तूंकडे वळल्या. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती, बांबू. हाताने निवडायचे, लावायचे, मोजायचे. काम तेच, पैसा नाही.

त्याचं मर्म काय, ते मी माझ्या अनुभवावरून सांगतो. आमच्या गल्लीत चार वर्षांचा एक पोरगा आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणतो. घरचे मोठ्या कौतुकाने म्हणायला लावतात. मी त्याला म्हटलं, सात चिंचोके दे बरं. त्यानं मूठभर काढून दिले! आकडे तोंडात होते, हातात नव्हते.

यावर माँटेसोरीबाईंचा एक खेळ आहे. ० ते ९ असे दहा खाने आणि पंचेचाळीस काड्या. आपण तो करवंट्यांत करू शकतो. नऊ करवंट्यांवर १ ते ९ आकडे लिहा आणि पंचेचाळीस चिंचोके मोजून द्या, एकही जास्त नको. आकड्याप्रमाणे टाकत गेले की शेवटी सगळे संपले पाहिजेत. उरला किंवा कमी पडला, तर कुठं तरी चुकलं. पंचेचाळीसच का, ते चौथीच्या मुलांनी बेरीज करून बघावे. अक्षरांचंही तसंच. ताटात बारीक वाळू पसरून बोटानं ‘ग’ गिरवला, की पेन्सिल धरण्याआधीच हाताला तो वळतो.

पण साधने असली तरी मुले यायला हवीत ना! ती येईनात. कुणाच्या कडेवर धाकटं भावंडं, कुणाच्या मागे गुरे. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली, तिचे नाव अंगणवाडी. १९५७ साली सगळे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले वारली आदिवासींची. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, ती विकासवाडी. धाकट्याला पाळण्यात ठेवले की ताई वर्गात बसायला मोकळी! मला विचाराल तर ही युक्ती सगळ्या साधनांहून मोठी.

या धबडग्यात अनुताईंनी एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली, बी.ए. केले. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम सोडले नाही. सत्तरी उलटल्यावर दाभोणला नवे काम काढले. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या. १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे. तुमची धाकटी भावंडं रोज सकाळी जातात ती हीच.

आपल्या शेजारच्या अंगणवाडीला असा करवंट्यांचा एक खेळ करून द्यायचे ठरले आहे. शनिवारी येताना ज्याला जमेल त्याने घासून साफ केलेली एक करवंटी आणावी. चिंचोके धुऊन वाळवलेले हवेत, किडके नकोत. आणि लहानगी ते तोंडात, नाकात घालतात, तेव्हा खेळताना मोठं कुणीतरी जवळ बसायचं, बरं का.