मळ्यातील पंढरी : श्रीसंत सावता महाराज

आषाढ वद्य चतुर्दशी ही श्रीसंत सावता महाराजांची पुण्यतिथी होय. त्या निमित्ताने या थोर भगवद्भक्ताचे अल्पसे चरित्र आम्ही सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

अरण हे गाव सोलापूर जिल्ह्यातील माढे तालुक्यात, मोडनिंबाजवळ आहे. तेथे शके 1172, म्हणजे इ. स. 1250 मध्ये सावतोबांचा जन्म झाला, असे परंपरा मानते. पित्याचे नाव परसोबा, मातेचे नांगिताबाई. आजोबा देवू माळी हे पंढरीचे वारकरी. भेंड गावच्या जनाबाईंशी सावतोबांचा विवाह झाला व त्यांना विठ्ठल आणि नागाताई ही दोन अपत्ये झाली. श्रीज्ञानदेव व श्रीनामदेव हे त्यांचे समकालीन.

व्यवसाय वडिलोपार्जित, मळ्याचा. माढ्याकडील मुलूख कमी पावसाचा. तेथे भाजीपाला जगतो तो विहिरीच्या पाण्यावर. बैलांनी मोट ओढावी, थारोळ्यात पाणी पडावे, पाटाने ते वाफ्यावाफ्यांत फिरवावे, आणि मग खुरपे घेऊन तण काढीत बसावे, हा त्यांचा नित्यक्रम. पंढरपूर काही फार दूर नव्हे. तरीही सावतोबा मळा सोडून वारीस जात नसत, असे सांगतात. ज्याने पालेभाजी लावली आहे, त्यास याचा उलगडा सहज होईल. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले की कोवळा वाफा माना टाकतो. हाती घेतलेले जिवंत काम टाकून देवाकडे जाण्यापेक्षा त्या कामातच देव पाहावा, हा त्यांचा निश्चय होता, असे आम्हांस वाटते.

त्यांचे 37 अभंग आज उपलब्ध आहेत. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेविले, अशी परंपरा आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अभंगात मळ्यातील भाज्यांनाच विठाईचे रूप मानले आहे. त्यांत मिरचीचाही उल्लेख येतो. मिरची आपल्या देशात आली ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकात. तेव्हा हा शब्द मागाहून गायकांच्या मुखातून शिरला असावा. परंतु आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. त्या भाज्यांत कांदा आहे, लसूणही आहे! आपण नैवेद्याच्या ताटापासून जे दूर ठेवितो, त्यांतही त्यांनी विठाई पाहिली. नैवेद्याचा आचार मोडावा, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु शुद्ध-अशुद्धाचा विचार करताना आपण भाजीचे नाव तेवढे पाहतो, ती कशी पिकली हे पाहत नाही, एवढे नमूद करणे अवश्य वाटते.

भक्तचरित्रांतून एक आख्यायिका येते. पांडुरंग स्वतः अरणास आले व मला कोठे तरी लपव म्हणू लागले. तेव्हा सावतोबांनी खुरप्याने आपले उदर चिरून देवास आत जागा दिली. शस्त्र कोणते, तर तण काढण्याचे खुरपे! शके 1217, इ. स. 1295 मध्ये सावतोबा अरण येथेच समाधिस्थ झाले. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात. अरणास मात्र विठ्ठलाचीच पालखी येते.

आता आपल्या घराकडे वळू. पालेभाजी खुडल्यापासून तिचे सत्त्व, विशेषतः क जीवनसत्त्व, झपाट्याने घटू लागते. म्हणून दुरून आलेल्या चकचकीत जुडीपेक्षा जवळच्या शेतकऱ्याची पहाटे खुडलेली, थोडी मातीने माखलेली जुडी बरी. खत कोणते घातले, फवारणी केली का, हे त्यास समक्ष विचारता येते. आणि घासाघीस न करता त्याचा दाम द्यावा. ज्यांच्या गच्चीत वा सज्जात हातभर ऊन येते, त्यांनी तळाशी भोके असलेली एक उथळ पेटी घ्यावी. निम्मी माती व निम्मे कुजलेले शेणखत भरावे. पावसाळ्यात मेथी सडण्याचे भय असते, तेव्हा या दिवसांत माठ अथवा राजगिरा पेरावा. सुमारे महिन्याभरात तो खुडण्याजोगा होतो. मेथी व पालक दसऱ्यानंतर. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाडी कराव्यात. उगवण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून घाई करून माती उकरू नये. देव्हाऱ्यातील निर्माल्य दोरा काढून, वाळक्या पानांबरोबर झाकून कुजविल्यास दोन-तीन महिन्यांत उत्तम खत होते. माठ मुळासकट न उपटता शेंडे खुडावेत. तोच पुनः फुटतो.