डासावर पहिला आरोप ठेवणारा डॉक्टर

मुंबई-आग्रा महामार्ग धुळे ओलांडून शिरपूरकडे निघाला की वाटेत नरडाणा लागते. सुरत-भुसावळ लोहमार्गही याच गावातून जातो. औद्योगिक वसाहत असल्याने बाहेरगावच्या माणसांची ये-जा नित्याचीच. अशा गावांना साथीच्या आजारांचे वेगळे भय असते, कारण रस्ता जे आणतो त्यात आजारही असतो. २००६ साली याच महामार्गावरील मालेगावात चिकुनगुन्याने घरेच्या घरे अंथरुणाला खिळवली. त्याआधी हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर या विषाणूचे थैमान सुरू झाले होते. त्या एका वर्षात भारतात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. पुढच्याच वर्षी भारतातून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर हा विषाणू इटलीतील रॅव्हेना प्रांतात पोहोचला आणि तेथील गावांतही लोक सांधे धरून बसले.

डास स्वतः फार दूर जात नाही. एडिस इजिप्ती जातीची मादी जेथे जन्मते त्या परिसरातील काहीशे मीटरच्या आतच बहुधा तिचे आयुष्य संपते. समुद्र ओलांडतो तो माणूस. रुग्ण, डास आणि निरोगी माणूस ही साखळी ज्याने सर्वप्रथम मांडली आणि नेमक्या याच जातीच्या डासावर बोट ठेवले, तो क्युबातील डॉक्टर होता कार्लोस हुआन फिनले. जगाने त्याचे म्हणणे मान्य करायला वीस वर्षे घेतली.

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील प्वेर्तो प्रिन्सिपे येथे, म्हणजे आजच्या कामाग्वे शहरात झाला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. बालपण कॉफीच्या मळ्यात गेले. शिक्षणासाठी फ्रान्सला पाठविलेल्या या मुलाला तेथे मज्जासंस्थेच्या विकाराने गाठले. त्यातून तो बरा झाला, पण जिभेवर अडखळ कायमची राहिली. १८५५ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि हवानात त्यांनी वैद्यकी सुरू केली.

त्या काळचे हवाना म्हणजे पीतज्वराचे माहेरघर. कावीळ, रक्ताची काळी उलटी आणि काही दिवसांत मृत्यू. स्थानिकांना लहानपणी तो सौम्य रूपात होऊन जाई, त्यामुळे बळी पडत ते प्रामुख्याने परके : नवे स्थलांतरित, खलाशी, स्पेनमधून आलेले सैनिक. जहाजांबरोबर हा आजार अमेरिकेच्या बंदरांत उतरे. १८७८ साली मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात त्याने सुमारे वीस हजार माणसे मारली. घाणेरडी हवा, रुग्णाचे कपडे, अंथरूण-पांघरूण यांतून तो पसरतो, अशी तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांची ठाम समजूत होती.

फिनले स्वतःही बराच काळ चुकीच्या वाटेवर होते. हवेतील अल्कधर्मी घटकांचा या रोगाशी संबंध आहे, असे ते कित्येक वर्षे मांडत राहिले. मात्र चूक उमगल्यावर ती सोडून देण्याचे धैर्य त्यांच्याकडे होते. १८७९ साली अमेरिकेचा तपास आयोग हवानात आला, तेव्हा त्यांनी त्याच्यासोबत काम केले. हा आजार रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतो, हे त्यांच्या मनात ठसले. मग एकाच्या रक्तवाहिनीतले विष दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत पोहोचवणारी एखादी जिवंत सुई हवी, असा विचार सुरू झाला. घरातल्या डासांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. अंडी घालण्यासाठी मादीला रक्त लागते आणि ती एकामागून एक अनेकांना चावते, हे त्यांनी टिपले.

फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत, कीटकाचे नाव न घेता, रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यामध्ये तिसरा कोणीतरी दुवा असला पाहिजे, असे त्यांनी सुचविले. १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या रॉयल अकादमीत त्यांनी त्या दुव्याचे नाव जाहीर केले. अडखळत बोलणाऱ्या या डॉक्टरचे विवेचन संपल्यावर सभागृहात ना वाद झाला ना चर्चा. पुढे मात्र थट्टा बरीच झाली.

येथे टीकाकारांवर सगळा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. फिनले यांच्या प्रयोगांत उणीव होती. जवळपास वीस वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक स्वयंसेवकांना रुग्णाचे रक्त प्यालेले डास चावविले, पण पुरावा निर्णायक ठरेना. विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला दहा-बारा दिवस लागतात, आणि फिनले त्याआधीच डास दुसऱ्याला चाववीत. शिवाय हवानात राहणाऱ्या माणसाला हा आजार अन्य मार्गाने झाला नसेल कशावरून, या प्रश्नाला त्यांच्याकडे पक्के उत्तर नव्हते. उत्तर बरोबर होते. रीत अपुरी होती.

या दिरंगाईची किंमत पनामात मोजली गेली. १८८१ सालीच सुवेझ कालव्याचे शिल्पकार लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने पनामा कालव्याचे काम हाती घेतले. १८८९ मध्ये ते कोसळेपर्यंत पीतज्वर आणि मलेरिया यांनी मुख्यत्वे मिळून सुमारे बावीस हजार माणसे गिळली, असा अंदाज आहे. तेथील इस्पितळांत मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवलेली असत. (आपल्याकडे दूधदुभत्याच्या फडताळाखाली वाट्या ठेवत, तसाच हा प्रकार.) त्या पाण्यात डास जन्मत आणि रात्रंदिवस रुग्णांभोवती घोंघावत.

१८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात वय पासष्टीला टेकले असतानाही फिनले सांतियागोच्या आघाडीवर अमेरिकी सैन्यात डॉक्टर म्हणून गेले. युद्धानंतर क्युबात राहिलेले अमेरिकी सैनिक पीतज्वराने मरू लागले, तेव्हा जून १९०० मध्ये मेजर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली चार डॉक्टरांचा आयोग आला. दुसरे धागे हाती लागेनात म्हणून ही मंडळी फिनले यांच्या घरी गेली. या वृद्ध डॉक्टरने आपली सारी टिपणे आणि डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. आयोगाचे डॉ. जेसी लझीर यांनी त्या अंड्यांतून डास वाढविले. २५ सप्टेंबर १९०० रोजी लझीर स्वतः पीतज्वराने मरण पावले. त्यांच्या नावाने उभारलेल्या छावणीत पुढचे प्रयोग झाले. एका खोलीत स्वयंसेवक रुग्णांच्या घाण कपड्यांत वीस रात्री झोपले. एकही आजारी पडला नाही. स्वच्छ खोलीत डास सोडलेल्या बाजूचा माणूस मात्र आजारी पडला आणि जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. हा आजार सूक्ष्मतम गाळणीतूनही निसटणाऱ्या विषामुळे होतो, हे याच आयोगाने दाखविले. माणसाच्या आजारामागे विषाणू असल्याचा तो पहिला पुरावा होता.

फिनले यांच्या सन्मानार्थ हवानात मेजवानी झाली. १९०१ मध्ये मेजर विल्यम गोर्गास यांच्या पथकांनी शहरातील घरोघरचे पाणीसाठे तपासले, पिंपांवर झाकणे घातली, डबक्यांत तेल ओतले. त्याच वर्षी हवाना पीतज्वरमुक्त झाले. १९०२ साली क्युबा स्वतंत्र झाल्यावर फिनले तेथील आरोग्य खात्याचे प्रमुख बनले आणि १९०९ पर्यंत त्या पदावर राहिले. गोर्गास यांनी तोच उपाय पनामात राबविला आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविलेल्या रोनाल्ड रॉस यांनी १९०५ मध्ये फिनले यांचे नाव त्याच पारितोषिकासाठी सुचविले. पुढे इतरांनीही सुचविले. ते त्यांना कधीच मिळाले नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी हवानात त्यांचे निधन झाले. पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ साली मॅक्स थायलर यांना नोबेल मिळाले.

आज आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांत जाणारा भारतीय प्रवासी हीच लस घेतो. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. त्या देशांतून प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. हा कडकपणा अनाठायी नाही. भारतात पीतज्वर कधीच रुजलेला नाही, पण तो पसरवणारा डास आपल्या घराघरांत आहे.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या तोच पसरवतो. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळलेला, महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्णही याच साखळीतला. या आजारांसाठी कोणतेही कार्ड लागत नाही. सुरतहून वा इंदूरहून तापलेल्या अंगाने नरडाण्याला उतरणाऱ्याला कोणी अडवत नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून खान्देशात घरोघरी ड्रम आणि रांजण भरून ठेवले जातात. पावसाळ्यात आरोग्य कर्मचारी त्यांत विजेरीचा झोत टाकून अळ्या शोधतात, ॲबेटचे औषध टाकतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. गोर्गास यांची पथके हवानात जे करीत होती, त्याहून हे काम फारसे वेगळे नाही.