डॉक्टरांच्या नावाचे यंत्र

गिलोटिन म्हटले की डोळ्यांपुढे येते उंच लाकडी चौकटीतून धाडकन कोसळणारे तिरपे पाते. त्या नावाचा एक सज्जन डॉक्टर होऊन गेला, हे बहुतेकांच्या गावीही नसते. त्याच पात्याखाली त्यांचा अंत झाला, ही दंतकथा मात्र सर्वत्र ऐकू येते. ती साफ खोटी आहे.

जोसेफ इग्नास गिलोटिन १७३८ साली फ्रान्समधल्या सेंत या गावी जन्मले. पॅरिसमध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून नाव कमावले. मेस्मरच्या चुंबकीय उपचारांची शहानिशा करण्यासाठी १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासोबत तेही होते. १७८९ मध्ये, राज्यक्रांतीच्या वर्षी, ते लोकप्रतिनिधी झाले.

त्या काळी मरणातही उच्चनीच होते. सरदाराचे मस्तक तलवारीने उडवीत, गरिबाला फासावर लटकवीत, तर कुणाला चाकाला बांधून त्याची हाडे मोडीत. डॉक्टर मुळात देहदंडाच्याच विरोधात होते. पण तो रद्द होण्याची चिन्हे नव्हती. मग निदान यातना तरी कमी व्हाव्यात, म्हणून त्यांनी सभागृहापुढे काही सूचना मांडल्या. गुन्हा सारखा तर शिक्षाही सारखी असावी. गुन्हेगाराच्या नातेवाइकांना कुणी बोल लावू नये. त्याची मालमत्ता जप्त करू नये. घरच्यांनी मागितला तर मृतदेह त्यांना द्यावा. आणि शिरच्छेद यंत्राने, क्षणात व्हावा.

लोकांनी लक्षात ठेवली ती फक्त शेवटची सूचना. यंत्राचा आराखडा डॉ. अंत्वान लुई यांचा. ते बांधले तोबियास श्मिट या वाद्ये बनवणाऱ्या जर्मन कारागिराने. २५ एप्रिल १७९२ रोजी एका दरोडेखोरावर ते प्रथम चालले. नाव मात्र गिलोटिन यांचे चिकटले.

माझी उभी हयात बँकेत गेली. कर्ज उचलणारा एक आणि नोटीस जाते जामीनदाराच्या दारी, हे मी कितीदा तरी पाहिले. डॉक्टरांचे तसेच झाले. नातेवाइकांना डाग नको म्हणणाऱ्या माणसाच्या नावालाच कायमचा डाग लागला.

त्यांनी यंत्र मागितले ते दयेपोटी. पण १७९३-९४ च्या दहशतपर्वात एकट्या पॅरिसमध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे त्याखाली गेली. तलवार चालवताना जल्लादाचा हात थकला असता; यंत्राला थकवा नव्हता. खुद्द डॉक्टरांनाही तुरुंगवास घडला. सुटल्यावर त्यांनी देवीच्या लसीच्या प्रसाराला वाहून घेतले. १८१४ साली ते आजारपणाने वारले. लसीमुळे वाचलेल्या जिवांच्या हिशेबात त्यांचे नाव कुणी घेत नाही.

फ्रान्समध्ये गिलोटिन शेवटचे चालले १९७७ साली. १९८१ मध्ये तिथे देहदंडच रद्द झाला. आपल्याकडे फाशीची पद्धत घटनेला धरून आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली दिला. तरी फास बरा की इंजेक्शन, हा वाद २०२३ मध्ये त्याच न्यायालयात पुन्हा झडला.

मरण सोपे व्हावे या मागणीत करुणा आहे, हे मी नाकारत नाही. पण डॉक्टरांची कहाणी वाचल्यापासून एक शंका मनातून जात नाही. मारण्याची रीत सोपी झाली की सुटका नक्की कुणाची होते? मरणाऱ्याची, की निकाल ऐकून पुन्हा चहाचा घोट घेणाऱ्या आपली?