पॉल माउझर

पीटर पॉल माउझर (२७ जून १८३८ – २९ मे १९१४) हे जर्मन शस्त्र-अभिकल्पक व कारखानदार होते. हाताने बोल्ट मागेपुढे करून चालवायच्या लष्करी रायफलीला त्यांनी दिलेले रूप अनेक देशांच्या सैन्यांनी स्वीकारले. भारतात ‘माउझर’ हे नाव क्रांतिकारकांच्या पिस्तुलामुळे परिचित आहे. मात्र १८९६ चे ते पिस्तूल मुख्यतः त्यांच्या कारखान्यातील फेडर्ले बंधूंचे काम होते.

सुरुवातीचे जीवन

माउझर यांचा जन्म व्युर्टेंबर्ग राज्यातील नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ या गावी झाला. वडील तेथील शाही शस्त्रकारखान्यात बंदुका घडवीत. १८५९ साली सक्तीच्या सैन्यसेवेत पॉल यांची लुडविग्सबुर्ग येथील शस्त्रागारात नेमणूक झाली. त्या काळच्या ड्रायझे बंदुकीत चाप ओढण्यापूर्वी सुईची स्प्रिंग वेगळी ताणावी लागे. बोल्टची मूठ फिरवतानाच ती ताणली जाईल अशी रचना माउझर यांनी केली.

१८७१ ची रायफल

थोरले बंधू विल्हेल्म व्यवहार सांभाळत. सॅम्युएल नॉरिस या अमेरिकी मध्यस्थाशी करार करून दोघे बंधू १८६७ साली बेल्जियममधील लीएज येथे गेले. परंतु नॉरिसकडून ठरलेला मोबदला थांबला व ते परतले. पुढे प्रशियाने त्यांची ११ मिमी एकबारी रायफल १८७१ साली स्वीकारली. उत्पादन मात्र प्रामुख्याने सरकारी कारखान्यांकडे गेले. बंधूंच्या वाट्याला आरंभी केवळ नेम धरण्याच्या ३,००० पट्ट्यांचे काम आले. १८७४ साली त्यांनी वडिलांचा जुना शाही कारखानाच विकत घेतला. १८८२ साली विल्हेल्म यांचे निधन झाले.

परदेशी मागण्या

१८८७ साली तुर्कस्तानने पाच लाखांहून अधिक शस्त्रांची मागणी नोंदवली. त्याच सुमारास कंपनीची मालकी बर्लिनच्या ल्योवे कंपनीकडे गेली व पॉल तांत्रिक प्रमुख म्हणून राहिले. पुढच्याच वर्षी जर्मन सैन्याने नवी रायफल निवडली, ती एका लष्करी आयोगाने त्यांना बाजूला ठेवून बनवलेली. त्यामुळे माउझर यांच्या महत्त्वाच्या सुधारणा आधी परदेशी सैन्यांच्या हाती पडल्या. बेल्जियमच्या १८८९ च्या रायफलीत पाच काडतुसे पट्टीवरून एकदम भरता येत. स्पेनच्या १८९३ च्या ७ मिमी रायफलीत काडतुसे दोन ओळींत तिरपी बसत, म्हणून मॅगझिन दस्त्याबाहेर येत नसे. क्यूबात या रायफलींचा मारा सोसल्यावर अमेरिकेने १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत हीच रचना घेतली आणि स्वामित्वापोटी दोन लाख डॉलर मोजले.

जर्मनीने अखेर १८९८ साली ‘गेवेर ९८’ स्वीकारली. पुढचे दोन पकडखिळे निकामी झाले तरी बोल्ट नेमबाजाच्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून तिच्यात मागे तिसरा खिळा होता. स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना १९०१ साली स्वतः माउझर यांचाच एक डोळा गेला.

१८९८ ते १९०३ या काळात ते जर्मन संसदेचे सदस्य होते. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या दोन महिने आधी ओबर्नडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले.

संग्राहकांमधील स्थान

जुन्या लष्करी रायफलींच्या संग्राहकांत माउझर रायफलींना मोठी मागणी आहे. नळी, बोल्ट व इतर भागांवरील क्रमांक जुळणे आणि मूळ निळसर झिलई टिकणे, यांवर किंमत ठरते. महायुद्धांत तटस्थ राहिलेल्या स्वीडनच्या १८९६ च्या रायफली बहुधा सुस्थितीत आढळतात. अर्जेंटिनाच्या अनेक रायफलींवरील राजचिन्ह विक्रीपूर्वी घासून काढलेले असे. ते शाबूत असलेली रायफल म्हणूनच अधिक मोलाची मानली जाते.