मुंबईच्या नगरशासनाचे शिल्पकार

खास प्रतिनिधी

मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. ज्या लोकनियुक्त सभागृहाचे ते जनक मानले जातात, त्याच्या स्थापनेच्या वादात मात्र ते प्रथम उतरले ते एका सरकारनियुक्त गोऱ्या अधिकाऱ्याची बाजू घेऊन.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत जन्मलेले मेहता १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. त्या वेळी शहराचा कारभार १८६५ च्या कायद्यान्वये चाले. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ सभेत बसत आणि सारी कार्यकारी सत्ता म्युनिसिपल कमिशनरच्या हाती असे. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड कमालीचे धडाडीचे होते. त्यांनी रस्ते, गटारे, मंडई उभारली. खर्चाला मात्र धरबंध ठेवला नाही. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उफाळला. एकट्या माणसाच्या हाती कारभार नको, तो समितीकडे सोपवा, अशी मागणी जोर धरू लागली.

नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये मेहतांनी या विषयावर निबंध वाचला. दोष क्रॉफर्ड यांचा नसून त्यांना जाब विचारू न शकणाऱ्या सभेचा आहे, असे त्यांचे निदान होते. कार्यकारी अधिकारी एकच असावा आणि तो सरकारने नेमावा. तिजोरीवर मात्र करदात्यांनी निवडलेल्या सभासदांचा ताबा असावा. श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. तरुण बॅरिस्टर सरकारधार्जिणा ठरला! पुढच्याच वर्षी मंजूर झालेल्या कायद्याचा साचा मात्र बराचसा त्यांच्या मांडणीशी जुळणारा होता. कॉर्पोरेशनच्या ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले होते आणि कमिशनर सरकारी राहिला.

१८८८ च्या कायद्यावेळी मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग विधिमंडळात होते. कॉर्पोरेशनचे अधिकार आक्रसणारी मूळ कलमे त्यांनी नेटाने बदलून घेतली. आता ७२ पैकी ३६ सभासद वॉर्डांतून येऊ लागले. कमिशनरची नेमणूक सरकारकडेच राहिली. पण ४५ सभासदांनी विरोधात मत दिल्यास त्याला जावे लागे. नेमणुकीचा हक्क एकाकडे आणि हकालपट्टीचा दुसऱ्याकडे, ही तोड आजही विचार करण्याजोगी वाटते.

मेहता चार वेळा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्यांचा दरारा इतका, की सभागृहात दुसऱ्याचे चालत नाही अशी तक्रार होई. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. १९०७ मध्ये काही बडे सरकारी अधिकारी आणि अँग्लो-इंडियन पत्रकार यांच्या गटाने त्यांना पाडण्याचा बेत आखला. जस्टिसांच्या १६ जागांसाठी मतदान झाले आणि मेहता सतरावे आले. शहर हळहळले. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड न्यायालयात रद्द झाली आणि मेहता सभागृहात परतले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईत अजून लागू आहे. महापालिका आयुक्तही राज्य सरकारच नेमते.